श्वेतपत्रिका आणि तिचे वाचक

पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकूर आणि त्याच पुस्तकाचे परीक्षण यांतील भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला फार लवकर कळतो. पहिला मजकूर प्रकाशकाचा असतो, दुसरा वाचकाचा. पहिल्याला पुस्तक खपवायचे असते, दुसऱ्याला ते तपासायचे असते. साहित्यव्यवहारात हा भेद इतका रुळलेला आहे की तो मुद्दाम सांगावा लागत नाही. मात्र गेल्या सतरा-अठरा वर्षांत लेखनाचा एक असा प्रकार जगभर वाढला की ज्यात हे दोन मजकूर एकमेकांत मिसळून गेले, आणि ते वेगळे करता न आल्यामुळे असंख्य वाचकांची आयुष्यभराची शिल्लक बुडाली. क्रिप्टोकरन्सीची, म्हणजे कूटचलनांची, श्वेतपत्रिका हा तो लेखनप्रकार.

आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नाही. कोणते नाणे घ्यावे आणि कोणते टाळावे हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु श्वेतपत्रिका हे अखेर एक पाठ्य आहे. तिला लेखक आहे, शैली आहे, संकेत आहेत आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा वाचकवर्ग आहे. त्या वाचकवर्गातून, कोणी न नेमता, समीक्षक निर्माण झाले. त्यांनी काय वाचले, त्यांचे कोणी ऐकले आणि कोणी ऐकले नाही, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१.

या प्रकारातील आद्य पाठ्य ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव होते सातोशी नाकामोतो. हे टोपणनाव कोणाचे, हे आजही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. अवघ्या नऊ पानांच्या या निबंधात बँकेसारखा मध्यस्थ न ठेवता पैसे एकाकडून दुसऱ्याकडे कसे पाठवता येतील, आणि तेच नाणे दोनदा खर्च करण्याची लबाडी कशी रोखता येईल, याची मांडणी आहे. शेवटी आठ संदर्भांची यादी आहे. त्याआधीच्या भागात ही व्यवस्था फसवू पाहणाऱ्याला यश मिळण्याची संभाव्यता किती, याचे गणित मांडले आहे. स्वतःच्या कल्पनेवरील हल्ल्याची शक्यता लेखकाने स्वतःच तपासून दाखवली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नफ्याचे आश्वासन या नऊ पानांत कोठेही नाही.

संकेतलेखनाच्या जाणकारांकडून आलेली पहिलीच प्रतिक्रिया शंकेची होती. प्रत्येक व्यवहार सर्वांना कळवायचा असेल, तर व्यवहारांची संख्या वाढल्यावर ही व्यवस्था पेलेल का, असा तो प्रश्न होता. नाकामोतो यांनी त्याला उत्तर दिले, पण प्रश्न मिटला नाही. व्यवहारांच्या एका गठ्ठ्याचा आकार किती असावा या वादातून १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनपासून 'बिटकॉइन कॅश' हे नाणे फुटून निघाले, तेव्हा मुळाशी हीच शंका होती. आरंभीच्या वाचकाने विचारलेला प्रश्न जवळजवळ नऊ वर्षे जिवंत राहिला. त्यात निंदा नव्हती आणि स्तुतीही नव्हती. पाठ्यात जे सांगितले आहे ते प्रत्यक्षात आणू गेल्यास काय होईल, एवढेच त्यात विचारले होते. पुढील काळातील समीक्षेचा कस लावण्यासाठी आम्ही हाच प्रश्न हाताशी ठेवणार आहोत.

२.

२०१३ पासून नव्या नाण्यांची विक्री करून भांडवल उभारण्याची रीत सुरू झाली. २०१४ मध्ये इथेरियम प्रकल्पाने याच मार्गाने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर जमवले, आणि २०१७ मध्ये तर या विक्रीला पूर आला. प्रत्येक नव्या नाण्याबरोबर एक श्वेतपत्रिका येऊ लागली. मराठी वाचकाला हा शब्द सरकारी दस्तऐवजामुळे परिचित आहे. एखाद्या विषयाची अधिकृत वस्तुस्थिती मांडणारे कागद, असा त्याचा अर्थ आपल्या कानात असतो. नव्या नाण्यांनी हा भारदस्तपणा उसना घेतला आणि त्याच्या आत माहितीपत्रक भरले. हळूहळू त्याचे साचे ठरले. आरंभी जगाची एखादी मोठी समस्या, मग ती सोडवणारे तंत्र, त्यानंतर संस्थापकांची हसरी छायाचित्रे, पुढील दोन-तीन वर्षांचा आराखडा, आणि शेवटी नाण्यांच्या वाटपाचा गोलाकार आलेख.

साचे ठरले की उचलेगिरी सोपी होते. मे २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन दैनिकाने १,४५० नाण्यांच्या कागदपत्रांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २७१ प्रकल्पांत त्यांना धोक्याच्या खुणा आढळल्या: दुसऱ्याच्या दस्तऐवजातून जसाच्या तसा उचललेला मजकूर, हमखास परताव्याचे आश्वासन, किंवा अस्तित्वातच नसलेली माणसे. त्याच वर्षी एका नाण्याच्या संकेतस्थळावर चित्रकार म्हणून ज्याचे छायाचित्र झळकत होते, तो हॉलिवूडचा नट रायन गॉसलिंग निघाला. 'ट्रॉन' या नाण्याच्या इंग्रजी श्वेतपत्रिकेतील काही भाग दुसऱ्या प्रकल्पांच्या निबंधांतून घेतल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघडकीला आले. मूळ चिनी मजकुराचे भाषांतर स्वयंसेवकांनी केले आणि त्यात तपशील गळाले, असा खुलासा संस्थापकाने केला. वाङ्मयचौर्याचा दोष भाषांतरकाराच्या माथी मारण्याची ही युक्ती साहित्याच्या प्राध्यापकांना अगदीच अनोळखी वाटणार नाही.

हे शोध लावणाऱ्या वाचकांनी वापरलेली साधने आपलीच होती. पाठ एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहणे, उद्धृताचे मूळ शोधणे, लेखकाची ओळख तपासणे. संगणकशास्त्राचे गाढ ज्ञान त्यासाठी लागले नाही.

याच काळात एक विलक्षण विडंबनही लिहिले गेले, आणि तेही सरकारी कचेरीत. अमेरिकेतील भांडवल बाजाराचे नियंत्रण करणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने मे २०१८ मध्ये 'हाउईकॉइन' नावाच्या खोट्या नाण्याचे संकेतस्थळ तयार केले. आलिशान प्रवासाची स्वप्ने, नामवंतांची शिफारस, श्वेतपत्रिका, आणि लवकर घेणाऱ्यास सवलत, असे सारे त्यात होते. खरेदीचे बटण दाबणारा वाचक मात्र थेट गुंतवणूकदारांच्या शिक्षणाच्या पानावर जाऊन पोहोचत असे. नावातील 'हाउई' हा १९४६ च्या एका न्यायनिवाड्याचा संदर्भ आहे. फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांचे तुकडे विकण्याच्या त्या खटल्यात, कोणत्या व्यवहाराला कायद्याने गुंतवणूक म्हणावे, याची कसोटी ठरली. विडंबन साधायचे तर मूळ प्रकाराचे संकेत पुरते उमगलेले असावे लागतात. या दृष्टीने 'हाउईकॉइन' ही श्वेतपत्रिकेची एक नेमकी समीक्षाच म्हणावी लागेल.

३.

लोकांनी केलेली समीक्षा आणि तिचे भवितव्य यांचा सर्वांत बोधप्रद दाखला २०१६ सालचा आहे. इथेरियमच्या आधारावर 'द डाओ' नावाचा एक सामायिक निधी उभा राहिला. त्याला संचालक नव्हते. पैसे घालणाऱ्यांनी मतदान करायचे आणि त्यानुसार संगणकीय संहितेने पैसे वाटायचे, अशी ती रचना होती. काही आठवड्यांत सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे इथर त्यात जमा झाले. त्याच्या अटींमध्ये स्पष्ट म्हटले होते की, अंतिम प्रमाण संहितेचे आणि इतर सारी स्पष्टीकरणे केवळ समजुतीसाठी. आपल्या परंपरेच्या भाषेत बोलायचे तर सूत्र तेवढे प्रमाण होते, भाष्याला अधिकार नव्हता. परंतु पैसे घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना भाष्यच वाचता येत होते, सूत्र नव्हे.

ज्यांना सूत्र वाचता येत होते त्यांनी ते वाचले. २७ मे २०१६ रोजी डिनो मार्क, व्लाड झाम्फीर आणि एमिन ग्युन सिरेर या तिघांनी एक टिपण प्रसिद्ध केले. मतदानाच्या रचनेत असे दोष आहेत की सभासदांना स्वतःच्या हिताविरुद्ध मत द्यावे लागेल किंवा मतच देता येणार नाही, असे दाखवून हे दोष दूर होईपर्यंत काम थांबवावे, अशी त्यांची विनंती होती. ९ जूनला पीटर व्हेसेनेस यांनी अशा संहितांमधील दुसऱ्याच दोषाकडे लक्ष वेधले. पैसे काढून दिल्याची नोंद होण्यापूर्वीच पुन्हा पैसे मागता आले, तर खाते रिकामे होईपर्यंत ते काढत राहता येते, असा तो दोष होता. १२ जून रोजी प्रकल्पामागील कंपनीने जाहीर केले की, या दोषामुळे डाओच्या निधीला धोका नाही. १७ जूनला नेमक्या त्याच प्रकारच्या दोषाचा उपयोग करून कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास ५ कोटी डॉलर, बाहेर वळवले.

त्यानंतर जे झाले ते पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विचारात पाडणारे आहे. २० जुलै २०१६ रोजी इथेरियमच्या बहुसंख्य वापरकर्त्यांनी व्यवहारांच्या खातेवहीचा पुढचा प्रवाहच बदलला आणि वळवलेला निधी मूळ मालकांना परत मिळेल अशी सोय केली. संहिता हीच अंतिम, हे वचन ज्यांना मोडवत नव्हते त्यांनी जुनी खातेवही तशीच चालू ठेवली. ती 'इथेरियम क्लासिक' या नावाने ओळखली जाते. एका ग्रंथाच्या दोन शाखा व्हाव्यात तसा हा प्रकार घडला.

या प्रकरणात समीक्षा झाली नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. ती वेळेवर झाली, जाणकारांनी केली, आणि उघडपणे केली. तिघांच्या टिपणातील दोष एक आणि प्रत्यक्षात घात करणारा दोष दुसरा, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. समीक्षक भविष्यवेत्ता नसतो. परंतु 'थांबा, आणि आधी तपासा' हा त्यांचा निष्कर्ष योग्य होता. तो अमलात आणण्याची मुभा देणारी यंत्रणा मात्र पैशाच्या ओघापुढे उभी राहू शकली नाही.

४.

डाओच्या बाबतीत समीक्षकांकडे निदान दुर्लक्ष झाले. इतर ठिकाणी त्यांना शत्रू ठरवण्यात आले. कूटचलनांच्या जगात 'समुदाय' या शब्दाला मोठे वलय आहे. पण ज्यांनी नाणे आधीच विकत घेतले आहे त्यांचा समुदाय हा परीक्षकांचा समुदाय नसतो. नाण्याचा भाव वाढण्यात त्याचे हित असते आणि शंका घेतली तर भाव उतरतो. म्हणून शंकेसाठी एक शिवीच रूढ झाली: 'फड'. भीती, अनिश्चितता आणि शंका या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ती बनली आहे. या शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात संगणक व्यवसायात तो विक्रेत्यांच्या डावपेचासाठी वापरला गेला. प्रतिस्पर्ध्याचा माल घेऊ नये म्हणून मोठ्या कंपनीचे विक्रेते गिऱ्हाइकाच्या मनात जी धास्ती पेरत, तिचे ते नाव होते. चाळीस वर्षांनी त्याचा रोख उलटला, आणि विक्रेत्याला प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकालाच तो लावला जाऊ लागला.

'बिटकनेक्ट' हे याचे ठळक उदाहरण. महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा मिळेल, असे ते सांगत आणि रोज सरासरी एक टक्का मिळत असल्याचा आभास निर्माण करत. येथे समीक्षकाला संगणकीय संहिता उघडण्याचीही गरज नव्हती. रोज एक टक्का चक्रवाढीने धरला तर हजार रुपयांचे वर्षाअखेर सुमारे ३७,८०० होतात आणि तीन वर्षांअखेर पाच कोटींच्या वर जातात. इतका पैसा येणार कोठून, या प्रश्नाला नव्याने येणाऱ्यांच्या खिशातून, याखेरीज उत्तर नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी, रोज एक टक्का देत असतील तर ही पॉन्झी योजनाच, असे जाहीरपणे म्हटले. जानेवारी २०१८ मध्ये टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या नियामकांनी मनाई हुकूम काढले, १६ जानेवारीला बिटकनेक्टने कर्जव्यवहार बंद केला आणि नाण्याचा भाव कोसळला. हा गैरव्यवहार २४० कोटी डॉलरचा असल्याचे अमेरिकेच्या न्याय खात्याने पुढे म्हटले, आणि २०२२ मध्ये भारतीय संस्थापकावर आरोपपत्र ठेवले.

'टेरा' प्रकल्पाची कथा अधिक सुशिक्षित वर्तुळातली. त्याचे एक नाणे नेहमी एका डॉलरच्या मोलाचे राहील अशी ग्वाही होती, पण त्यामागे डॉलरचा साठा नव्हता. 'लुना' हे त्याच प्रकल्पाचे दुसरे नाणे त्याला आधार देणार होते. ठेवीवर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. लोकांनी एकाच वेळी पैसे परत मागितले तर ही रचना टिकणार नाही, अशी टीका २०२१ मध्ये ब्रिटिश अर्थलेखिका फ्रान्सेस कॉपोला यांनी केली. तेव्हा, आपण गरिबांशी वाद घालत नाही, अशा आशयाचे उत्तर संस्थापक डो क्वॉन यांनी दिले, आणि अनुयायांनी त्याचे कौतुक केले. मे २०२२ मध्ये नेमके तेच झाले. आठवडाभरात लुनाचा भाव ८० डॉलरवरून जवळजवळ शून्यावर आला आणि सुमारे ४,००० कोटी डॉलरचे मूल्य नाहीसे झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये क्वॉन यांनी अमेरिकन न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी टीकाकाराची ऐपत काढणे, हे वाङ्मयीन वादांतही आपण पाहिलेले आहे. तेथे मात्र कोणाचे घर बुडत नाही.

५.

महाराष्ट्र या इतिहासाच्या बाहेर राहिला नाही. 'वनकॉइन' ही २०१४ मध्ये बल्गेरियातून सुरू झालेली योजना. शैक्षणिक पाठांच्या नावाखाली ती नाणी विकत असे. या नाण्याला उघड खातेवही, म्हणजे ब्लॉकचेन, नव्हतीच. त्याचा भाव कंपनी स्वतः ठरवी आणि तो चढताच राही. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत वनकॉइनच्या एका मेळाव्यावर पोलिसांनी छापा घालून प्रचारकांना अटक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्थापिका रुजा इग्नातोव्हा बेपत्ता झाल्या.

पुण्यात ज्याचे गुन्हे नोंदवले गेले ते 'गेनबिटकॉइन' प्रकरण आपल्या अधिक जवळचे. एक बिटकॉइन द्या आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइनमध्येच परत घ्या, असे अमित भारद्वाज यांच्या या योजनेचे आश्वासन होते. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार २०१७ मध्ये तिने सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केले. हा परतावा बिटकॉइनच्या खननातून, म्हणजे नवी नाणी निर्माण करण्याच्या संगणकीय उद्योगातून, येईल असे सांगितले जाई. आता एक साधी गोष्ट पाहू. नव्या नाण्यांचा पुरवठा ठराविक काळाने निम्मा होतो, हे बिटकॉइनच्या संहितेतच लिहिलेले आहे. ९ जुलै २०१६ रोजी प्रत्येक गठ्ठ्यामागे मिळणारी नाणी २५ वरून साडेबारावर आली. साऱ्या जगातील नव्या नाण्यांची निर्मिती एका दिवसात निम्म्यावर आली, पण दरमहा दहा टक्क्यांचे आश्वासन जागचे हलले नाही. एवढी एक तारीख ठाऊक असलेल्या वाचकाला विचारता येण्यासारखा प्रश्न येथे होता.

तो फारसा विचारला का गेला नाही, याचे कारण शिफारशीच्या रचनेत आहे. साखळी योजनेत नाणे विकणारा परका नसतो. तो मावसभाऊ असतो, सहकारी असतो, जुना विद्यार्थी असतो. त्याचा शब्द आपण अनुभवी माणसाचे परीक्षण म्हणून ऐकतो, आणि आपल्याला आत घेतल्याबद्दल त्याला दलाली मिळणार असते हे नात्याच्या भिडेपोटी विचारत नाही. बहुतेकदा त्याचा हेतू वाईट नसतो, त्याचेही पैसे त्यातच असतात. १० टक्क्यांचे पहिले काही हप्ते हाती पडले की तो मनापासून ग्वाही देतो, आणि ही मनापासूनची ग्वाही कोणत्याही जाहिरातीहून प्रभावी ठरते. भारद्वाज यांना २०१८ मध्ये अटक झाली, २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सारी प्रकरणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली. दरम्यान मार्च २०२२ मध्ये, तपासात मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्त कूटचलन वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी अटक केली. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा आरोप होता.

६.

तज्ज्ञ परीक्षकाचीही परीक्षा घ्यावी लागते, हे २०१९ मध्ये आणखी एका प्रकरणात दिसले. नव्या नाण्यांना गुण देणाऱ्या 'आयसीओ रेटिंग' या संस्थेने ज्यांचे परीक्षण केले त्यांच्याकडूनच पैसे घेतले आणि ते वाचकांना सांगितले नाही, म्हणून अमेरिकन कमिशनने तिच्यावर कारवाई केली. २०१७-१८ च्या तेजीत तर स्तुतिपर लेखन आणि भाषांतर करणाऱ्यांना नव्या नाण्यांतूनच मोबदला देण्याची प्रथा सर्रास होती. भारतात जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२२ पासून कूटचलनांच्या जाहिरातीत, हा व्यवहार अनियंत्रित आणि मोठ्या जोखमीचा आहे, अशी सूचना देणे आवश्यक झाले. ही सूचना जाहिरातीला लागू आहे. मावसभावाच्या शब्दाला ती कोठून लागू होणार?

या साऱ्या इतिहासातून आम्हाला जाणवते ते असे. किती लोक स्तुती करतात या मोजणीला परीक्षणाचे मोल नाही. ज्यांची टीका काळाच्या कसोटीवर टिकली, त्यांनी तीनच गोष्टी केल्या. परताव्याचा पैसा कोठून येतो हे विचारले. जे सांगितले आहे ते स्वतः पडताळता येते का हे पाहिले. सांगणाऱ्याचे त्यात काय गुंतले आहे हे शोधले, आणि आपले काय गुंतले आहे तेही उघड केले. डाओचे समीक्षक संहिता वाचू शकत होते. बिटकनेक्टच्या समीक्षकाला त्रैराशिक आणि चक्रवाढ पुरेशी होती. ट्रॉनच्या समीक्षकाने दोन मजकूर शेजारी ठेवले. साधने निराळी, वाचनाची शिस्त एकच.

ही शिस्त शिकवण्याची जागा केवळ वाणिज्य शाखेत आहे असे आम्हाला वाटत नाही. नाकामोतो यांची नऊ पाने आणि 'हाउईकॉइन'चे विडंबन ही दोन पाठ्ये पदवीच्या वर्गात एकत्र वाचता येतील. एकात लेखक स्वतःच्या विधानावरील हल्ल्याचे गणित मांडतो, दुसऱ्यात प्रत्येक वाक्य वाचकाला घाईस प्रवृत्त करते. या दोन गद्यांतील फरक ज्या विद्यार्थ्याला दाखवता आला, तो घरी आलेल्या नातेवाइकाला चहा देता देता एखादा साधा प्रश्न विचारण्याचे धाडस करील, अशी आशा आम्ही बाळगतो.